एसीचा ड्रेन पाइप साफ करूनही इनडोअर युनिटमधून पाणी पुन्हा का ठिबकते?

प्रश्न

आमच्या निजण्याच्या खोलीत भिंतीवर बसवलेला दीड टनाचा स्प्लिट एसी आहे. हवा दमट झाल्यापासून त्याच्या इनडोअर युनिटच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी ठिबकू लागले. तंत्रज्ञाने ड्रेन पाइपच्या बाहेरच्या टोकाकडून दाबाची हवा सोडली, बराच काळपट गाळ निघाला आणि काही दिवस सर्व सुरळीत चालले. मग पुन्हा तेच सुरू झाले. नंतर पाणी गोळा होणारा ट्रे आणि कॉइल, म्हणजे हवा थंड करणारी नळ्यांची जाळी, फवाऱ्याने धुऊन घेतली, तरीही गळती परत आली. आता तीच साफसफाई पुन्हा करून घेण्याऐवजी मूळ कारण समजून घ्यावे, असे वाटते.

मला जे दिसले ते सविस्तर लिहिते. एसी सुरू केल्याबरोबर पाणी पडत नाही. दोन-तीन तास सलग चालल्यावर पहिले थेंब दिसतात. बाहेरच्या टोकातून पाणी येते, पण ते संथ धारेने न येता बराच वेळ थांबून मग एकदम भसकन येते. ड्रेन पाइप युनिटच्या उजव्या बाजूने भिंतीतून बाल्कनीत निघतो, तेथून भिंतीलगत आडवा जातो, वाटेत पावसाच्या पाण्याचा उभा पाइप आहे तो ओलांडण्यासाठी थोडा वर उचलला गेला आहे, आणि शेवटी बाल्कनीतल्या मोरीच्या जाळीतून खाली खोचलेला आहे. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असला, की युनिटमधून बुडबुड असा आवाज येतो. याखेरीज युनिटच्या मागे, वरच्या उजव्या बाजूला, भिंतीचा रंग फुगला आहे. थेंब मात्र डावीकडून पडतात, त्यामुळे या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे की वेगवेगळे, हे कळत नाही.

तंत्रज्ञाला बोलावण्याआधी घरच्या घरी, धोका न पत्करता, काय काय तपासता येईल? आणि तोवर एसी वापरणे योग्य आहे का?

प्रतिसाद १

एसी बसवण्याचे आणि दुरुस्तीचे काम मी अनेक वर्षे करत आहे, आणि आपण विचारलेला प्रश्न मला वारंवार भेटतो. गळती दिसली की लगेच पाइप साफ करायचा, हा आमच्या व्यवसायातला रूढ क्रम आहे. माझ्या मते तो उलटा आहे. पाणी कोठून आणि केव्हा येते हे आधी निश्चित केले, तर अर्ध्याहून अधिक काम तेथेच होते; ते न करता केलेली सफाई लक्षण काही काळ दडपते आणि कारण जागच्या जागी राहते.

इनडोअर युनिटखाली दिसणारे पाणी मुळात दोन प्रकारचे असते. पहिले म्हणजे कॉइलवर तयार होऊन ट्रेमध्ये नीट उतरलेले, पण पुढे बाहेर न जाऊ शकलेले पाणी. दुसरे म्हणजे ट्रेमध्ये कधी पोहोचलेच नाही असे पाणी: उघड्या राहिलेल्या थंड तांब्याच्या पाइपवर, प्लॅस्टिकच्या खोक्याच्या मागच्या अंगावर किंवा हवेची दिशा ठरवणाऱ्या पट्ट्यांवर जमलेले दव. पहिल्या प्रकाराला ड्रेनची दुरुस्ती लागते. दुसऱ्या प्रकारात ड्रेन कितीही स्वच्छ केला तरी काही फरक पडत नाही. आपल्याकडे हे दोन्ही प्रकार एकाच वेळी चालू असावेत, असा माझा अंदाज आहे.

पाण्याचे प्रमाण किती असते हे लक्षात घेतले, तर पुढचे समजणे सोपे जाईल. हवा ३० अंश सेल्सिअस तापमानाची आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेची असेल, तर तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे १८ ग्रॅम बाष्प असते आणि तिचा दवबिंदू सुमारे २१ अंश असतो. कॉइलचा पृष्ठभाग यापेक्षा बराच थंड, साधारण ८ ते १२ अंशांच्या आसपास, असल्यामुळे बाष्पाचा मोठा भाग तेथेच पाणी होतो. दमट हवेत दीड टनी यंत्र ताशी एक ते दोन लीटर पाणी सहज काढते. ट्रे मात्र उथळ असतो, कारण त्याने पाणी साठवावे अशी त्याच्याकडून अपेक्षाच नसते. आता पाइप पूर्ण बंद नसून अर्धवट तुंबला आहे असे समजा: कॉइलवर जितके पाणी तयार होते त्यापेक्षा थोडे कमी बाहेर जाते, उरलेले ट्रेमध्ये हळूहळू चढते, आणि काठापर्यंत पोहोचायला त्याला एक-दोन तास लागतात. आपल्याकडे थेंब उशिरा का पडू लागतात, याचे हे एक सरळ स्पष्टीकरण आहे.

तपासणी अशी करावी. प्रथम एसीचा एमसीबी, म्हणजे वीजपेटीतला त्याचा स्वतंत्र स्विच, बंद करावा. केवळ रिमोटने यंत्र बंद करून काम करू नये, कारण बहुतेक युनिटांत विजेचा सर्किट बोर्ड उजव्या बाजूला, ट्रेपासून अगदी जवळ असतो. समोरचे झाकण उघडून फिल्टर काढावेत. मग स्वच्छ पाणी बारीक तोंडाच्या बाटलीने, कॉइलच्या डाव्या भागावर, अतिशय सावकाश, धार आत ब्लोअरवर (हवा फेकणाऱ्या पंख्यावर) किंवा उजव्या बाजूच्या विजेच्या भागावर जाणार नाही अशी काळजी घेऊन ओतावे. अर्धा लीटर पुरेसे आहे. त्यात खाण्याचा रंग थोडासा घातला, तर खाली आलेले पाणी आपण ओतलेलेच आहे की आधीपासून साचलेले, हे ओळखता येते. दुसऱ्या व्यक्तीने बाल्कनीतील टोकाशी उभे राहून पाहावे. पाणी लगेच आणि सलग धारेने आले तर ड्रेन निर्दोष आहे, आणि मग शोध अन्यत्र घ्यावा लागेल. उशिरा आले, थांबत थांबत आले किंवा तेवढ्यात डाव्या कोपऱ्यातून ठिबकू लागले, तर दोष ड्रेनमध्येच आहे. हे करण्यापूर्वी बाहेरचे टोक मोरीच्या जाळीतून वर काढून मोकळे ठेवावे आणि एकदा तसे व एकदा पुन्हा खोचून, अशा दोन्ही स्थितींत पाहावे.

डाव्या कोपऱ्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाइप कोणत्याही बाजूने नेता यावा म्हणून अनेक इनडोअर युनिटांच्या ट्रेला उजवीकडे आणि डावीकडे अशी दोन निर्गमद्वारे असतात. ज्या बाजूला पाइप जोडलेला नसतो, तेथे रबरी बूच बसवलेले असते. बाहेरून आत दाबाची हवा सोडली की तो दाब गाळावर पडतो तसाच या बुचावरही पडतो, आणि ते सैल होऊ शकते. त्यानंतर ट्रेमधले पाणी थोडे जरी चढले, तरी ते डावीकडून वाट काढते. याच कारणाने मी बाहेरून आत हवा मारत नाही. बाहेरच्या टोकाला पाणी ओढू शकणारा व्हॅक्यूम लावून, सांध्याभोवती ओले फडके घट्ट धरून, गाळ बाहेर ओढून घेतो. तो ज्या दिशेने जायला हवा त्याच दिशेने जातो, आतले सांधे निखळत नाहीत आणि घाण पुन्हा ट्रेमध्ये ढकलली जात नाही.

पाणी सर्किट बोर्डाच्या बाजूला, विजेच्या तारांवर किंवा खालच्या विजेच्या सॉकेटवर पडत असेल, तर यंत्र मुळीच वापरू नये. केवळ डाव्या कोपऱ्यातून थेंब पडत असतील आणि खाली विजेचे काही नसेल, तर तपासणी होईपर्यंत थोडा वेळ वापरल्याने यंत्राचे नुकसान होत नाही. भिंतीचे आणि गिलाव्याचे मात्र होते.

प्रतिसाद २

वरील विवेचन पटले. त्यात एक शक्यता जोडावीशी वाटते, कारण उशिरा सुरू होणारी गळती बर्फामुळेही होते. फिल्टर धुळीने भरलेला असेल किंवा यंत्रातला गॅस कमी झाला असेल, तर कॉइलचे तापमान शून्याखाली जाते आणि त्यावर बर्फ साचतो. यंत्र थांबले की तो एकदम वितळतो, आणि ते पाणी कॉइलच्या पात्यांवरून ट्रेमध्ये न उतरता पुढच्या बाजूने, ब्लोअरवरून, थेट खोलीत येते.

हे तुंबलेल्या ड्रेनपासून वेगळे ओळखता येते. बर्फ होत असेल तर गळतीच्या आधी हवेचा झोत स्पष्टपणे मंदावतो, आणि पाणी यंत्र बंद केल्यानंतर जास्त पडते. झाकण उघडून विजेरीच्या उजेडात पाहिले तर पांढरा थर दिसतोही. गॅस कमी असताना तो बहुधा कॉइलच्या एका भागापासून, म्हणजे जेथून गॅस आत येतो तेथून, सुरू होतो आणि बाकीची कॉइल जवळजवळ कोरडी राहते. फिल्टर तुंबलेला असताना तो बऱ्यापैकी सर्वत्र पसरतो. गॅस हा वापराने संपणारा पदार्थ नव्हे. तो बंदिस्त चक्रात फिरतो. कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय केवळ गॅस भरून घेणे म्हणजे पैसे आणि वायू दोन्ही हवेत सोडणे होय. आजकालच्या अनेक यंत्रांत आर-३२ नावाचा गॅस असतो आणि तो सौम्य ज्वलनशील वर्गात मोडतो, म्हणून हे काम प्रशिक्षित माणसाकडेच द्यावे.

दमट दिवसांत फिल्टर दर पंधरवड्याला पाण्याखाली धुऊन, पूर्ण सुकवून बसवावेत.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे एमसीबी बंद करून तपासणी केली, आणि तिचे निष्कर्ष असे आहेत.

फिल्टर स्वच्छ आहेत. रात्रभर एसी चालवून सकाळी पाहिले, तर कॉइलवर बर्फ नव्हता आणि हवेचा झोतही कमी झालेला नव्हता. यंत्र बंद केल्यावर थेंब वाढत नाहीत, उलट काही वेळाने थांबतात. त्यामुळे बर्फाची शक्यता मी बाजूला ठेवली आहे.

रंगीत पाणी ओतले तेव्हा मात्र फरक लगेच दिसला. टोक मोरीत खोचलेले असताना बाहेर बराच वेळ काहीच आले नाही, डाव्या कोपऱ्यातून रंगीत थेंब पडू लागले, आणि मग बाहेर एकदम लोट आला. टोक वर काढून मोकळे ठेवल्यावर पाणी लवकर आले आणि डावीकडचे थेंब पडले नाहीत, परंतु धार तरीही अडखळतच होती. टोक बाहेर काढताना त्यावर बुळबुळीत थर होता आणि जाळीखालच्या मोरीत पाणी साचलेले होते, म्हणजे पाइपचे तोंड सतत पाण्यात बुडालेले राहत होते. खोक्याच्या डाव्या बाजूला खालून आरसा धरून पाहिले असता रबरी बूच अर्धे बाहेर आलेले दिसले.

रंग फुगलेल्या जागी कोरडा टिश्यू पेपर चिकटवून ठेवला होता. तो ओला झाला, पण त्यावर रंगाचा मागमूस नव्हता.

प्रतिसाद १ चे पुढील उत्तर

आपण अतिशय पद्धतशीर तपासणी केली आहे, त्यामुळे आता अंदाजाने बोलावे लागत नाही. भिंतीवरच्या टिश्यूला रंग लागला नाही, याचा अर्थ ते पाणी ट्रेमधले नाही. ते वेगळे प्रकरण आहे आणि त्याकडे शेवटी येतो.

ड्रेनच्या बाबतीत मुख्य दोष पाइपच्या मार्गात आहे. गाळ हा त्या दोषाचा परिणाम आहे. ट्रेमधल्या पाण्याला पुढे ढकलणारी कोणतीही मोटर या यंत्रात नाही. ते केवळ स्वतःच्या वजनाने उतरते, आणि त्याच्यामागे असलेली उंची जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची असते. उभा पाइप ओलांडण्यासाठी नळी वर उचलली गेली, की त्या उंचवट्याच्या अलीकडे एक खोलगट भाग तयार होतो आणि त्यात पाणी कायमचे साचून राहते. पलीकडचे टोक मोरीतल्या पाण्यात बुडालेले असल्यामुळे तेथे दुसरा पाण्याचा अडसर आहे. या दोन्हींच्या मध्ये सापडलेल्या हवेला कोठेही जायला वाट नाही. नवे पाणी आले की त्याला साचलेले पाणी तर ढकलावे लागतेच, शिवाय ही कोंडलेली हवाही दाबावी लागते, आणि तेवढा जोर ट्रेमधल्या उथळ पाण्यात नसतो. म्हणून पाणी मागे चढते. पुरेसे चढले की हवेचा बुडबुडा टोकातून बाहेर फुटतो आणि साचलेले सगळे एकदम जाते. आपल्याला दिसणारे भसकन येणारे पाणी म्हणजे हेच.

साफसफाईने काही दिवस बरे का वाटत होते, तेही यातून कळते. धूळ आणि तिच्यावर वाढणारा जिवाणूंचा बुळबुळीत थर उतारावर टिकत नाही, पाण्याबरोबर निघून जातो. तो बसतो खोलगट भागात, जेथे पाणी थांबलेले असते. लवचीक नळी आतून वळ्यावळ्यांची असेल तर प्रत्येक वळीत थोडा थोडा गाळ धरला जातो. सफाईनंतर तो भाग मोकळा असतो, त्यामुळे पाणी कसेबसे निघते. गाळ पुन्हा बसला की वाट अरुंद होते आणि थेंब परत येतात. खोलगट भाग जोवर आहे, तोवर हे चक्र चालूच राहणार.

दुरुस्ती म्हणून बाल्कनीतल्या आडव्या भागाची लवचीक नळी काढून तेथे आतून गुळगुळीत असलेला कडक पीव्हीसी पाइप बसवावा. तो उभ्या पाइपच्या वरून न नेता त्याच्या पुढून, क्लॅम्पच्या आधाराने थोडा बाहेर काढून न्यावा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रत्येक मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार राहिला पाहिजे. पाणसळ लावून ठिकठिकाणी तपासावे, नुसत्या नजरेवर विसंबू नये, कारण दोन क्लॅम्पमधले अंतर जास्त झाले तर सरळ दिसणारा पाइपही उन्हाने मध्ये झोळतो. टोक जाळीच्या वर निदान चार बोटे मोकळे सोडावे. ते मोरीत किंवा सांडपाण्याच्या पाइपमध्ये थेट जोडू नये, याला आणखी एक कारण आहे: तेथून वर येणारे वायू नळीतून युनिटमध्ये पोहोचतात, खोलीत दुर्गंधी येते आणि कालांतराने कॉइलच्या तांब्यालाही ते बाधतात.

एक्झॉस्ट पंखा चालू असताना येणारा बुडबुड आवाज याच गोष्टीशी जोडलेला आहे, पण त्याचे कारण थोडे निराळे आहे. खिडक्या घट्ट बंद असलेल्या घरातून पंखा हवा बाहेर फेकतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि घर मिळेल त्या फटीतून हवा आत ओढू लागते. ड्रेन पाइप ही अशीच एक फट आहे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या पाण्यातून बुडबुडत येते आणि त्या पाण्याला अडवते. पंखा चालवताना एखादी खिडकी थोडी उघडली आणि आवाज थांबला, तर निदान पक्के समजावे. पाइपचा उतार नीट केल्यावरही आवाज राहिला, तर टोकाला पाणी बाहेर जाऊ देणारी आणि हवा आत न घेणारी एकदिश झडप बसवता येते. मात्र तिच्यातही गाळ अडकतो, त्यामुळे ती अधूनमधून काढून धुवावी लागते.

बुचाचे काम छोटे आहे. जुने रबर ताठर झाले असेल तर त्याच यंत्राच्या मापाचे नवे बूच घ्यावे आणि ते शेवटपर्यंत दाबून बसवावे. सिलिकॉन फासून जुनेच चिकटवू नये. पुढे कधी पाइप डावीकडून न्यायचा झाला तर ते निघत नाही. त्याचबरोबर युनिट तिरके बसले आहे का तेही पाणसळीने पाहावे. ते समतल किंवा निर्गमाच्या बाजूला अगदी किंचित झुकलेले असावे; आपल्या बाबतीत डावीकडे झुकलेले असेल, तर पाइप उत्तम असूनही थोडे पाणी ट्रेच्या डाव्या भागात उभे राहील.

आता भिंतीबद्दल. तांब्याचे पाइप भिंतीतून बाहेर नेण्यासाठी पाडलेले भोक युनिटच्या मागे उजवीकडेच असते, आणि आपला रंग तेथेच फुगला आहे. भोकाभोवतीची फट नीट बुजवलेली नसेल, तर बाहेरची दमट हवा युनिटच्या मागे शिरते आणि थंड खोक्यावर व पाइपवर तिचे दव होऊन ते भिंतीत मुरते. तांब्याच्या पाइपवरचे काळे फोम एखाद्या सांध्यावर उघडे राहिले असेल, तरीही हेच होते. दोन्ही जागा पाहून फोमचे सांधे टेपने बंद करावेत आणि भोक बाहेरच्या बाजूने पुटीने बुजवावे. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते आहे ना, याचीही खात्री करावी. ते आत उतरते असेल तर पावसाचे पाणीही त्याच वाटेने येते. काही युनिटांत कॉइलच्या मागच्या बाजूला एक वेगळी अरुंद पन्हळ असते आणि ती तुंबली तरीही पाणी मागच्या भिंतीवरून उतरते, पण तसे असते तर आपण समोरून ओतलेल्या पाण्याने त्याचा उलगडा झाला नसता. म्हणून भोक आणि फोम दुरुस्त करूनही ओल राहिली, तर युनिट भिंतीवरून थोडे पुढे ओढून मागची पन्हळ पाहावी लागेल. ते काम घरी करू नये, कारण तांब्याच्या पाइपला मुरड पडण्याचा धोका असतो.

प्रतिसाद ३

मी रसायनशास्त्र शिकवते. ड्रेन साफ करण्यासाठी घरगुती द्रव्ये वापरण्याचे सल्ले सर्वत्र आढळतात, त्यांबाबत काही गोष्टी कळकळीने सांगाव्याशा वाटतात.

ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र, किंवा एकापाठोपाठ मध्ये भरपूर पाणी न सोडता, ओतू नयेत. ब्लीचमधील सोडियम हायपोक्लोराइट आम्लाशी संयोग पावून क्लोरीन वायू देते, आणि तो वायू तुंबलेल्या पाइपमधून मागे, थेट झोपण्याच्या खोलीत येऊ शकतो. अमोनिया असलेल्या काचा पुसण्याच्या द्रवाबरोबरही ब्लीच वापरू नये. शिवाय ब्लीच ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांना खड्डे पाडते, त्यामुळे ते कॉइलवर पडता कामा नये.

व्हिनेगर त्यामानाने सौम्य आहे, तरी तेही कॉइलवर फवारू नये. ॲसिटिक आम्लासारख्या सेंद्रिय आम्लांच्या वाफेमुळे तांब्याच्या नळ्यांना आतवर जाणारी, सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांची गंज लागते आणि कालांतराने त्याच छिद्रांतून गॅस निसटतो. वापरायचेच असेल तर ट्रेमध्ये न ओतता, ड्रेन पाइप सुटा करून केवळ त्यात ओतावे, अर्धा तास ठेवून साध्या पाण्याने भरपूर धुवावे. उकळते पाणी तर नकोच, कारण पीव्हीसी त्याने मऊ पडून वाकते. म्हणजे जो उतार मेहनतीने साधला तोच बिघडतो. माझ्या मते नियमित देखभालीसाठी कोमट पाणी आणि व्हॅक्यूम एवढे पुरेसे आहे.

प्रतिसाद ४

विषय भिंतीवरच्या युनिटचा आहे, परंतु हीच तक्रार छतात लपवलेल्या, डक्टच्या (हवा वाहून नेणाऱ्या बंदिस्त मार्गाच्या) यंत्रांतही येते आणि तेथे एका बाबतीत नियम उलटा आहे. तो येथे नोंदवून ठेवणे उपयोगी पडेल.

डक्टच्या बऱ्याच यंत्रांत पंखा कॉइलच्या पुढे असतो आणि हवा कॉइलमधून ओढून घेतो. त्यामुळे ट्रेच्या जागी दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो आणि ड्रेनमधून हवा सतत आत ओढली जाते. ती थोपवण्यासाठी पाइपला मुद्दाम पाण्याने भरलेला यू आकाराचा ट्रॅप द्यावा लागतो. त्याची खोली त्या दाबाला पुरेल इतकी हवी: २५० पास्कलचा ऋण दाब म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर उंचीचे पाणी, आणि त्यावर सुरक्षिततेसाठी आणखी काही. ट्रॅप नसेल किंवा उथळ असेल, तर यंत्र चालू असताना पाणी ट्रेमध्ये अडून राहते आणि पंखा थांबला की एकदम वाहते. ट्रॅपनंतर पाइपला उघडे वायुमुख असावे. दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर यंत्र सुरू करताना ट्रॅप सुकलेला असतो, तो आधी पाण्याने भरावा.

भिंतीवरच्या छोट्या युनिटांना मात्र असा ट्रॅप साधारणतः देत नाहीत. मोठ्या यंत्राचे पाहून कोणी लवचीक नळीला गाठवजा वळसा दिला, तर वर वर्णन केलेलाच हवा कोंडण्याचा प्रकार ओढवतो.

छतातल्या यंत्रांना पंप असेल, तर त्याच्या तरंगत्या स्विचची चाचणी हंगामाच्या सुरुवातीला करावी. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की त्याने यंत्र थांबवले पाहिजे. छतातून जाणारा ड्रेन पाइपही फोमने झाकलेला हवा, कारण त्यातले पाणी इतके थंड असते की पाइपच्या बाहेरच्या अंगाला दव सुटते, आणि छताखाली पडलेला डाग पाहून लोक पाइप फुटल्याची शंका घेतात.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

तंत्रज्ञाला या सगळ्या नोंदी दाखवून काम करून घेतले. बाल्कनीतला आडवा भाग कडक पाइपचा केला, उभ्या पाइपच्या पुढून नेला आणि टोक जाळीच्या वर मोकळे ठेवले. बूच नवे बसवले. युनिट समतल निघाले, त्यामुळे ते हलवावे लागले नाही. रंगीत पाणी पुन्हा ओतून पाहिले. ते विनाअडथळा बाहेर आले. रात्रभर एसी चालवल्यावर डावा कोपरा कोरडा राहिला, आणि एक्झॉस्ट पंखा लावल्यावर बुडबुड आवाजही आला नाही.

भिंतीतल्या भोकाभोवती बोट जाईल एवढी फट होती, आणि जाड पाइपवरचा फोम सांध्यापाशी उसवलेला होता. दोन्ही बंद केले आहेत. टिश्यू अजून किंचित दमट लागतो. ती भिंतीत आधीच मुरलेली ओल आहे की नवे पाणी, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद १ चे पुढील उत्तर

गिलाव्यात मुरलेली ओल निघायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून केवळ स्पर्शावरून निर्णय करू नये. फुगलेला रंग खरवडून काढावा, कारण तो आतली ओल बाहेर पडू देत नाही. ओलसर भागाची कड पेन्सिलने आखून ठेवावी आणि एसी नेहमीप्रमाणे वापरत राहावे. कड आत आत सरकत गेली तर भिंत सुकत आहे. ती रेषेबाहेर पसरली, तर मागची पन्हळ पाहण्यासाठी युनिट पुढे ओढावे लागेल. भिंत पूर्ण सुकेपर्यंत नवा रंग देऊ नये.